एपीआयवर कॉपीराइट: दोनदा टळलेला निकाल

जावा या प्रोग्रामिंग भाषेत दोन संख्यांतली मोठी कोणती हे हवं असेल तर 'मॅथ.मॅक्स' असं लिहून कंसात त्या दोन संख्या द्यायच्या. या कामाचं नाव काय, त्याला काय द्यायचं आणि त्यातून काय मिळणार, हे सांगणाऱ्या ओळीला डिक्लेअरिंग कोड म्हणतात, आणि इतर प्रोग्रामना वापरता येणाऱ्या अशा तयार कामांच्या संचाला एपीआय. प्रत्यक्ष तुलना करणारा कोड वेगळा असतो आणि तो ज्याने त्याने आपापला लिहिला तरी चालतं. भांडण आहे ते पहिल्या ओळीवरून. ती बदलली, तर तिच्या भरवशावर लिहिलेले सगळे प्रोग्राम बंद पडतात. मग ती कुणा एकाच्या मालकीची असावी का?

अमेरिकेत या प्रश्नाचं मूळ संगणकाच्याही आधी सापडतं. सेल्डन नावाच्या लेखकाने जमाखर्चाच्या एका नव्या पद्धतीवर आखीव तक्त्यांसह पुस्तक काढलं होतं. बेकरने जवळपास तसेच तक्ते विकायला सुरुवात केली. १८७९ च्या या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की कॉपीराइट पुस्तकातल्या लिखाणावर आहे, हिशेबाच्या पद्धतीवर नाही. हाच विचार १९७६ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १०२(ब) मध्ये आला. १९८० मध्ये त्याच कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रामची व्याख्या घातली गेली आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली, कारण प्रोग्राम हे लिखाणही असतं आणि पद्धतही.

धंद्याने मात्र कोर्टाची वाट पाहिली नाही. आयबीएमच्या पीसीमधला बायॉस, म्हणजे संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम, कॉपीराइटखाली होता, म्हणून फीनिक्स कंपनीने 'क्लीन रूम' पद्धत वापरली. एका गटाने तो अभ्यासून फक्त काय घडतं ते लिहून काढायचं आणि मूळ कोड कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्यावरून नवा बायॉस लिहायचा. कोड नवा, पण बाहेरून दिसणारा इंटरफेस तोच. ॲपलची ऑपरेटिंग सिस्टीम जशीच्या तशी उचलणारी फ्रँकलिन कंपनी मात्र १९८३ मध्ये अपिलात हरली. सुसंगतीसाठी कॉपी करावी लागली, ही सबब चालली नाही.

पहिली मोठी लढत लोटस १-२-३ या स्प्रेडशीटवरून झाली. बोरलँडने आपल्या क्वाट्रो प्रो या स्प्रेडशीटमध्ये लोटसचा कोड घेतला नव्हता, पण मेनूतल्या ४६९ आज्ञा त्याच क्रमाने ठेवल्या होत्या. कारण उघड होतं: लोटसमध्ये वर्षानुवर्षं मॅक्रो (आज्ञांची साठवलेली मालिका) लिहून ठेवलेल्या लोकांना ते पुन्हा लिहावे लागू नयेत. १९९५ मध्ये अपील कोर्टाने हा मेनू म्हणजे 'कार्यपद्धती' ठरवली आणि त्याची तुलना व्हीसीआरच्या बटणांशी केली. जानेवारी १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टात एक न्यायमूर्ती बाजूला राहिले आणि मतं ४-४ अशी पडली. त्यामुळे खालचा निकाल कायम राहून बोरलँड जिंकली, पण देशभर लागू होईल असा निकाल काही मिळाला नाही.

त्यानंतर जावा. जावा बनवणाऱ्या सन मायक्रोसिस्टीम्सशी परवान्याची बोलणी फिसकटल्यावर गूगलने अँड्रॉइडसाठी जावाच्या ३७ पॅकेजेसचा (तयार कामांच्या गटांचा) अंमल करणारा कोड स्वतःच्या पद्धतीने तयार केला आणि डिक्लेअरिंग कोडच्या सुमारे ११,५०० ओळी तशाच ठेवल्या. २००७ मध्ये अँड्रॉइड जाहीर झालं तेव्हा सनचे प्रमुख जोनाथन श्वार्ट्झ यांनी जाहीर अभिनंदन केलं होतं. २०१० च्या सुरुवातीला ओरॅकलने सन विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये दावा ठोकला. डेटाबेसला प्रश्न विचारण्याची जी एसक्यूएल भाषा, तिच्यावर ओरॅकलचा पहिला डेटाबेस उभा राहिला आणि ती आयबीएमच्या संशोधनातून आलेली होती, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

न्यायाधीश विल्यम ऑल्सप स्वतः प्रोग्रामिंग करणारे. 'रेंजचेक' या नऊ ओळींच्या फंक्शनवर वकील जोर देऊ लागले, तेव्हा असला कोड आपण कित्येकदा लिहिला आहे असं त्यांनी भर कोर्टात सुनावलं. मे २०१२ मध्ये त्यांनी एपीआयच्या या रचनेवर कॉपीराइट नाही असा निर्णय दिला. दाव्यात पेटंटचेही मुद्दे होते. ते ज्यूरीपुढे टिकले नाहीत, पण त्यांच्यामुळे अपील पेटंटची प्रकरणं पाहणाऱ्या फेडरल सर्किटकडे गेलं. त्या कोर्टाने २०१४ मध्ये निर्णय फिरवला. २०१६ मध्ये ज्यूरीने गूगलचा वापर 'फेअर यूज', म्हणजे रास्त वापर, ठरवला आणि २०१८ मध्ये फेडरल सर्किटने तेही उलटवलं.

५ एप्रिल २०२१ रोजी सुप्रीम कोर्टाने ६-२ अशा मतांनी गूगलला जिंकवलं. न्यायमूर्ती ब्रायर यांनी हिशेब मांडला: गूगलने घेतलेल्या ओळी जावा एपीआयच्या २८.६ लाख ओळींच्या फक्त ०.४ टक्के. पण कॉपीराइट आहे की नाही, या मूळ प्रश्नावर 'आहे असं वादापुरतं धरून चालू' एवढंच म्हणून ते फेअर यूजकडे वळले. न्यायमूर्ती थॉमस यांनी भिन्नमतात नेमकं यावर बोट ठेवलं: आधीचा प्रश्न ओलांडून पुढच्याकडे जाता येत नाही. निकाल त्यांच्या बाजूने लागायला हवा होता असं मला वाटत नाही, पण हा आक्षेप रास्त आहे. फेअर यूजचा बचाव प्रत्येक खटल्यात नव्याने मांडावा लागतो, आणि गूगलइतकी दहा वर्षं वकिलांवर पैसे ओतणं लहान कंपनीला जमत नाही.

युरोपने हा प्रश्न बराच लवकर सोडवला. सास इन्स्टिट्यूट विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रामिंग या दोन सॉफ्टवेअर कंपन्यांच्या प्रकरणात मे २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की प्रोग्राम जे काम करतो ते, प्रोग्रामिंग भाषा आणि डेटा फाइलचं स्वरूप यांना प्रोग्राम म्हणून कॉपीराइटचं संरक्षण नाही. सासने तोच वाद अमेरिकेतही नेला आणि तो पोहोचला पुन्हा फेडरल सर्किटकडेच. एप्रिल २०२३ मध्ये त्या कोर्टाने २-१ अशा मतांनी ठरवलं की आपल्या इनपुट फॉरमॅटवर आणि आउटपुटच्या मांडणीवर कॉपीराइट लागू होतो, हे सासला दाखवता आलेलं नाही.