आखूड बॅकस्विंग

आखूड बॅकस्विंग : गोल्फमध्ये टोला मारण्यापूर्वी क्लब (चेंडू मारायची काठी) मागे व वर नेण्याची हालचाल नेहमीच्या अलीकडेच थांबवण्याची पद्धत. पूर्ण बॅकस्विंगचे रूढ माप असे, की हालचालीच्या माथ्यावर, म्हणजे क्लब सर्वांत मागे-वर पोहोचल्यावर, ड्रायव्हरचा (सर्वांत लांब क्लबचा) दांडा जमिनीला समांतर यावा. त्याआधीच क्लब खाली वळला, तर बॅकस्विंग आखूड समजतात. (पुढील वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्याला धरून आहे.) क्रिकेटमधील बॅकलिफ्टशी तुलना सुचणे साहजिक आहे, पण ती फार पुढे नेता येत नाही. फलंदाजाची बॅट येणाऱ्या चेंडूच्या वेळेशी बांधलेली असते. गोल्फचा चेंडू जागेवर पडून असतो, घाई कुणाचीच नसते, आणि हालचाल लांबवत नेण्याचा मोह तिथेच होतो.

आखूड म्हणजे नेमके काय आखूड, याबद्दल मात्र संदिग्धता आहे. क्लब किती मागे गेला हे तीन गोष्टींवर ठरते : खांदे किती वळले, हात किती वर गेले आणि मनगटे किती दुमडली. खांदे पूर्ण ९० अंश वळूनही दांडा समांतराच्या अलीकडे राहू शकतो. उलट खांदे अर्ध्यावर अडकलेले असताना डावे कोपर वाकवून, मनगटे सैल सोडून दांडा डोक्यामागे लोंबकळत नेता येतो. हौशी खेळाडूंत हा दुसरा प्रकार फार. जवळून पाहिले तर तो चटकन ओळखू येतो : माथ्यावर डाव्या हाताची शेवटची तीन बोटे ग्रिपवरून किंचित उघडतात, खाली येताना पुन्हा आवळली जातात आणि त्या आवळण्यात क्लबफेसची (क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूची) दिशा बदलते. आखूड बॅकस्विंगचे म्हणून जे फायदे सांगितले जातात, त्यांतले बरेचसे खांदे कमी वळवल्याचे नसून हा फाजील शेवट छाटल्याचे आहेत. दोहोंची गल्लत गोल्फच्या शिकवणुकीत सर्रास होते.

उगम : आटोपशीर बॅकस्विंग ही पोलादी दांड्याची देणगी, असे मत प्रचलित आहे. हिकरी लाकडाचा दांडा वाकतो तसा पिळलाही जातो. त्यामुळे माथ्यावर झटका दिला तर क्लबचे डोके मागे राहून तिरपे होते. म्हणून हिकरीच्या काळात लांब, संथ, वाहती हालचाल श्रेयस्कर मानली जाई. बॉबी जोन्स यांचा स्विंग हे त्याचे परिचित उदाहरण. अमेरिकेत पोलादी दांड्याला १९२० च्या दशकाच्या मध्यास मान्यता मिळाली, ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये. (प्रिन्स ऑफ वेल्स असे क्लब घेऊन स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर उतरल्यामुळे ब्रिटिश नियमकर्त्यांचा नाइलाज झाला, ही हकिकत वारंवार सांगितली जाते, ती हकिकत म्हणूनच घ्यावी.) पोलादी दांड्याने यूएस ओपन जिंकणारे पहिले खेळाडू बिली बर्क (१९३१). या दांड्याला साजेसा स्विंग घडवण्याचे श्रेय बहुधा बायरन नेल्सन यांना देतात. त्यांनी १९४५ मध्ये सलग ११ स्पर्धा जिंकल्या.

या मताला मोठी अडचण आहे ती जे. एच. टेलर यांची. १८९४ ते १९१३ या काळात पाच वेळा ओपन (ब्रिटनमधील मोठी स्पर्धा) जिंकणारे टेलर हिकरीच्या दांड्यानेच खेळत. तरी दोन्ही पावले जमिनीला घट्ट रोवून, थोडक्या हालचालीत चेंडू ठोसून काढणे ही त्यांची ओळख होती. त्यांचे समकालीन, सहा वेळा ओपन जिंकणारे हॅरी व्हार्डन मात्र डावे कोपर वाकवून क्लब उंच व दूरवर नेत. दांडे सारखे, हालचाली दोन टोकांच्या. टेलर यांची घडण डेव्हन किनाऱ्यावरील वेस्टवर्ड हो येथील वाऱ्याच्या माळावर झाली. तिथे चेंडू खाली ठेवल्याशिवाय निभाव लागत नाही, आणि खालून जाणारा टोला आखूड हालचालीने अधिक खात्रीने साधतो. काही जण रबरी धाग्यांच्या गाभ्याच्या हॅस्केल चेंडूकडेही बोट दाखवतात. १९०२ मध्ये सँडी हर्ड यांनी त्याच चेंडूने ओपन जिंकल्यावर जुना गटापर्चा चेंडू झपाट्याने मागे पडला, आणि नवा चेंडू कमी जोरातही लांब जात असे. तेव्हा पोलादाने आखूड स्विंग जन्माला घातला असे न म्हणता, एरवी अपवाद ठरलेल्या पद्धतीला त्याने सार्वत्रिक केले, असे म्हणणे अधिक सुरक्षित.

बेन होगन यांच्याबाबतही असाच मतभेद आहे. तरुणपणी त्यांचा क्लब समांतराच्या पलीकडे जाई आणि चेंडू डावीकडे आत वळे. पुढे त्यांनी पकड बदलली, बॅकस्विंग आवरला. हा बदल फेब्रुवारी १९४९ च्या मोटार अपघातामुळे झाला, असे कधीकधी लिहिले जाते. परंतु त्यांच्या खेळातील फेरबदल त्याआधीच सुरू झाले होते. अपघाताने तो कायम केला असावा.

यांत्रिकी : लांब बॅकस्विंगच्या बाजूचा युक्तिवाद शालेय भौतिकशास्त्राचा आहे. बल जितक्या लांब मार्गावर लावाल तितके कार्य अधिक, म्हणून वेग अधिक. तत्त्व खरे, पण सगळा मार्ग सारखा फलदायी नसतो. अलेस्टेअर कॉक्रन व जॉन स्टॉब्ज यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या दुहेरी लंबकाच्या प्रारूपात खांद्यापासून हातांपर्यंतचा भाग हा एक लंबक, क्लब हा दुसरा, आणि मनगट त्यांच्यामधली बिजागरी. डाउनस्विंग (क्लब माथ्यावरून चेंडूपर्यंत खाली येणे) जेमतेम पाव सेकंदाचा असतो. त्यात क्लबच्या डोक्याचा बहुतांश वेग ही बिजागरी उलगडते त्या शेवटच्या टप्प्यात येतो. माथ्याजवळच्या जादा पंधरा-वीस अंशांचा वाटा त्यामानाने तोकडा.

दुसरा मुद्दा स्नायूंचा. कंबर कमी व खांदे जास्त वळवून धडात जो पीळ साठतो, त्याला जिम मॅक्लीन यांनी १९९२ मध्ये ‘एक्स फॅक्टर’ हे नाव दिले. पुढील संशोधनाचा रोख असा, की माथ्यावर पीळ किती आहे यापेक्षा खाली येताना कंबर आधी सुटून तो क्षणभर कसा वाढतो, याला महत्त्व आहे. हात थांबायच्या आत कंबर चेंडूकडे निघालेली असते. हात फार दूर गेलेले असले की हा क्रम चुकतो : कंबर येऊन पोहोचते, हात मागेच राहतात, मग ते वरून घाईने फेकले जातात आणि चेंडू उजवीकडे वळतो. चेंडू व क्लब यांचा स्पर्श सुमारे अर्धा सहस्रांश सेकंद टिकतो, तेव्हा वाटेत दुरुस्तीला जागा नाही. आखूड बॅकस्विंगमुळे अचूकता वाढते या अनुभवाचे बरेचसे स्पष्टीकरण इथे मिळते.

पाठीच्या कण्याबद्दल २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नेहमी उद्‍धृत होतो. बॅकस्विंग आखूड केल्यावर क्लबचा वेग व अचूकता यांत फारसा फरक पडला नाही, धडाच्या स्नायूंवरील भार घटला, मात्र खांद्याच्या स्नायूंचे काम वाढले, असे त्यात आढळले. खेळाडू मोजकेच होते. पाठ दुखणाऱ्याला ‘आखूड मार’ एवढेच सांगून सोडणारे शिक्षक खांद्याची बाजू सहसा सांगत नाहीत.

खेळाडू : टेलिफोनच्या बूथमध्येही मावेल असा स्विंग, ही ख्याती डग सँडर्स यांची. पीजीए टूरवर २० विजय मिळवूनही ते लक्षात राहिले ते १९७० च्या ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजच्या शेवटच्या होलवर हुकवलेल्या छोट्या पटसाठी (चेंडू होलमध्ये ढकलण्याच्या हलक्या टोल्यासाठी). दुसऱ्या दिवशीच्या प्लेऑफमध्ये जॅक निक्लॉस जिंकले. स्विंगचा त्यात काही दोष नव्हता. ॲलन डॉइल यांचा हॉकीच्या फटक्यासारखा स्विंग ठेंगण्या छताच्या खोलीत सराव केल्याने घडला, असे सांगतात. २००५ व २००६ ची यूएस सीनियर ओपन त्यांनी त्याच स्विंगने जिंकली. जे. बी. होम्स व टोनी फिनाऊ हे आखूड बॅकस्विंगचे असूनही लांब टोल्यांसाठी ओळखले जातात.

सर्वांत बोलके उदाहरण स्पेनचे जॉन राह्म यांचे (यूएस ओपन २०२१, मास्टर्स २०२३). त्यांचा उजवा पाय जन्मतः आत वळलेला होता. उपचारांनंतरही घोटा पुरेसा वाकत नाही आणि तो पाय सुमारे दीड सेंटिमीटर आखूड आहे. पूर्ण बॅकस्विंग घेतला तर वेग कदाचित वाढेल, पण स्थिरता राहणार नाही, असे त्यांनी २०२१ मध्ये सांगितले. त्यांचा स्विंग पाहून तो जसाच्या तसा उचलणाऱ्यांनी हे कारण ध्यानात घ्यावे. डावे मनगट तळव्याकडे वाकवण्याची त्यांची लकबही त्या स्विंगचाच भाग आहे.

मर्यादा : उलट बाजूची उदाहरणेही तितकीच ठळक आहेत. १९९१ ची पीजीए चँपियनशिप जिंकणारे जॉन डेली क्लब समांतराच्या कितीतरी पलीकडे नेत आणि त्या काळी त्यांच्याइतका लांब टोला क्वचितच कुणाचा जाई. ज्यांचे खांदे मुळातच कमी वळतात त्यांनी बॅकस्विंग आणखी छाटला, तर वेग उघडच घटतो. लयही बिघडते. कुशल खेळाडूंत बॅकस्विंग व डाउनस्विंग यांच्या वेळांचे गुणोत्तर साधारण ३ : १ असते. नवशिका मात्र आखूड म्हणजे झटपट असे धरून चालतो आणि माथ्यावरून क्लब हिसकतो.

होलभोवतीच्या हिरवळीजवळच्या लहान टोल्यांत बॅकस्विंगची लांबी अंतर ठरवण्यासाठी वापरतात. डेव्ह पेल्झ यांनी त्यासाठी डाव्या हाताला घड्याळाचा काटा मानून साडेसात, नऊ व साडेदहा अशी तीन स्थाने सुचवली. एकाच वेजने (जवळच्या उंच टोल्यांच्या क्लबने) या तीन ठिकाणांहून तीन निरनिराळी अंतरे मिळतात. चार वेज बाळगणाऱ्याला बारा.