फाटकाबाहेरची रांग

पॅरिसच्या स्टाद द फ्रान्सवर १३ नोव्हेंबर २०१५ रोजी फ्रान्स-जर्मनी सामना रंगात आला असताना तीन आत्मघाती हल्लेखोरांनी बाहेरच स्वतःला उडवून दिलं. बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर १७ एप्रिल २०१० ला आयपीएल सामन्याआधी स्फोट झाले, तेही बाहेरच्या अंगाला. फाटकावरच्या तपासणीने आतला प्रेक्षक बराच सुरक्षित होतो, पण धोका नाहीसा होत नाही. तो तिष्ठत उभ्या असलेल्या गर्दीकडे सरकतो. त्यामुळे बंदोबस्ताचा आराखडा रांगेपासून सुरू करावा लागतो.

कोकणात भातकापणी झाली की मोकळ्या मळ्यांत आणि पुळणींवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. टेनिस बॉल क्रिकेट, कबड्डी, बैलगाडी शर्यती. अंतिम सामन्याला ५,००० माणूस येणार असं धरू. एका माणसाच्या तपासणीला १० सेकंद लागले, तर एका रांगेतून तासाला ३६० जण आत जातात. ५,००० लोक तासाभरात आत घ्यायचे तर १४ रांगा हव्यात. चारच असतील तर तासात १,४४० आत जातात आणि साडेतीन हजार बाहेर दाटतात. मग नाणेफेक झाली की आरडाओरडा सुरू होतो, आणि तपासणी नावापुरती उरते. त्यापेक्षा फाटकं तीन तास आधी उघडावीत. पिशवी नसलेल्यांची रांग वेगळी ठेवावी. महिलांची तपासणी महिला पोलिसच करतात, तेव्हा त्यांच्या रांगांचं गणितही वेगळं मांडावं.

धातुशोधक चौकट चुंबकीय क्षेत्राचे ठोके सोडते. धातूत त्यामुळे भोवरी प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विद्युतप्रवाह, उठतात आणि चौकट ते पकडते. तिच्या लेखी किल्ली, मोबाइल, पट्ट्याचं बक्कल सारखंच, म्हणून खिसे रिकामे करायचं टेबल चौकटीच्या आधी हवं. पुळणीवर वेगळीच कटकट असते: वाऱ्याने चौकट हलते, शेजारी पत्र्याचं कुंपण थरथरतं आणि कोणी नसताना भोंगा वाजतो. तळाला फळी टाकून चौकट घट्ट बसवावी. पत्रा आणि जनरेटर लांब ठेवावेत.

स्फोटाच्या बाबतीत सगळ्यात स्वस्त संरक्षण अंतराचं. मोकळ्यावर दुप्पट अंतरावर तेवढाच दाब पोचायला आठपट स्फोटक लागतं. म्हणून पार्किंग फाटकाला चिकटून नको, मग पुढाऱ्याची गाडी का असेना. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे (कुंपणाच्या भिंती) असलेल्या पाखाडीत, म्हणजे अरुंद पायवाटेत, रांग कधीच लावू नये. भिंतींवर आपटून लाट परतते, दाब वाढतो, आणि पळायलाही वाट उरत नाही.

गर्दीत गाडी घुसवण्याचा धोका वेगाच्या वर्गाने वाढतो. साडेसात टनांच्या ट्रकची ऊर्जा ताशी ४८ किलोमीटरला सुमारे ६.७ लाख ज्यूल, तर ६४ ला जवळजवळ १२ लाख. रिकामी प्लास्टिकची बॅरिकेडं यापुढे पाचोळाच, आणि वाळूत रोवलेला खांब मुळासकट उपटतो. चिऱ्यांनी भरलेले दोन डंपर पुढेमागे तिरके उभे करावेत, म्हणजे मधली वाट नागमोडी होते आणि वेग घ्यायला सरळ पट्टाच मिळत नाही. पायवाटेवर अडथळ्यांत १.२ मीटरपेक्षा जास्त फट नको. तेवढ्यातून व्हीलचेअर जाते, मोटार जात नाही. रुग्णवाहिकेची वाट मात्र वेगळी आणि रिकामी हवी.

समुद्राची बाजू मोकळी म्हणून सुरक्षित, असं किमान रायगड-रत्नागिरीत कोणी समजू नये. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स रायगडातल्या शेखाडीलाच उतरलं होतं. स्पर्धेच्या दिवशी कोणत्या होड्या कुठे लागणार हे मच्छीमार सोसायटीकडून आधी लिहून घ्यावं. अनोळखी होडी आधी खलाशाच्या नजरेत भरते. सागरी पोलिसांचा १०९३ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

बॉम्बशोधक पथकाने मैदान तपासलं की ते त्याच क्षणी बंद व्हायला हवं. प्रत्यक्षात तासाभराने साऊंडवाल्याचा टेम्पो येतो, ओळखीचा म्हणून सोडला जातो, आणि सकाळची मेहनत पाण्यात जाते. श्वानाचं काम पहाटे उरकावं. दमट उकाड्यात तो धापा टाकू लागतो, आणि धापा टाकताना हुंगणं मंदावतं. बेवारस पिशवी दिसली तर हात लावू नये, १५ मीटरच्या आत मोबाइल किंवा वॉकीटॉकी वापरू नये, लोकांना किमान १०० मीटर मागे घ्यावं.

सुटण्याच्या वेळेकडे कोणाचं फारसं लक्ष नसतं. मँचेस्टरमध्ये २२ मे २०१७ ला संगीताचा कार्यक्रम सुटतानाच स्फोट झाला, २२ जण गेले. ब्रिटिश मैदानांच्या मार्गदर्शिकेनुसार सपाट वाटेवर दर मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं जातात. तीन मीटरच्या एकाच फाटकातून ५,००० लोकांना २० मिनिटं लागतील, वाळूत त्याहून जास्त. आठ मिनिटांत मैदान रिकामं करायचं तर एकूण पावणेआठ मीटर रुंदी हवी, तीही वेगवेगळ्या दिशांना. मागच्या बाजूचं शेडनेट तारेने आवळलेलं असतं. तिथे दोरीची सुटगाठ मारावी आणि शेवटचा प्रेक्षक जाईपर्यंत तिच्यापाशी माणूस उभा ठेवावा.