हृदयाच्या अमायलॉइडोसिसवरील अँटिबॉडी उपचाराची चाचणी : पात्रता, कागदपत्रे आणि सहभागाची प्रक्रिया

अमायलॉइडोसिसमध्ये बिघडलेल्या प्रथिनांचे तंतू हृदयाच्या स्नायूत साचत जातात, भिंती जाड आणि ताठर होतात व हृदयाला सैलावून रक्त भरून घेणे अवघड होते. सध्या वापरात असलेली औषधे मुख्यतः नवीन साठा होणे थांबवतात किंवा मंदावतात. आधीच साचलेल्या तंतूंना चिकटून शरीरातील भक्षक पेशींकडून ते साफ करवून घेणे, हा चाचणीतील अँटिबॉडीचा (विशिष्ट लक्ष्याला चिकटणाऱ्या प्रथिनाचा) उद्देश असतो.

अशा चाचणीसाठी ‘अर्ज’ करायचा, असे म्हटले जाते, पण हा शब्द थोडा फसवा आहे, कारण एखादा नमुना भरून दिला की प्रवेश मिळाला, असे होत नाही. प्रथम आजाराचा प्रकार निश्चित असावा लागतो. एएल प्रकारात अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) सदोष लाइट चेन, म्हणजे अँटिबॉडीचे लहान प्रथिन-तुकडे, तयार करतात. एटीटीआर प्रकारात मुख्यतः यकृतात तयार होणारे ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन साचते आणि तो आजार आनुवंशिक असू शकतो किंवा उतारवयात जनुकीय दोषाशिवायही होतो. एका प्रकारासाठी आखलेल्या चाचणीत दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाला सहसा घेतले जात नाही.

म्हणूनच फाइलमध्ये सर्वांत महत्त्वाचे कागद निदानाचे असतात. बायोप्सी झाली असल्यास केवळ अहवाल पुरत नाही. पॅराफिन मेणात जपलेला ऊतीचा ठोकळा किंवा त्याच्या काचपट्ट्या मागितल्या जाऊ शकतात, कारण काँगो रेड रंग दिलेला तुकडा ध्रुवीकृत प्रकाशात सफरचंदी हिरवा चमकतो की नाही (ही अमायलॉइडची खूण) आणि त्यातील प्रथिन नेमके कोणते, हे पुन्हा पाहिले जाऊ शकते. एटीटीआरमध्ये हाडांच्या स्कॅनसाठी वापरला जाणारा किरणोत्सारी पदार्थ हृदयात ठळकपणे शोषला गेलेला दिसला (श्रेणी २ किंवा ३), तर बायोप्सीशिवाय निदान मान्य होते. मात्र त्यासाठी रक्त व लघवीचे इम्युनोफिक्सेशन (प्लाझ्मा पेशींनी बनवलेले असामान्य प्रथिन शोधणारी तपासणी) आणि रक्तातील मुक्त लाइट चेनची तपासणी करून एएलची शक्यता नाकारलेली असली पाहिजे. स्कॅनमध्ये शोषण ठळक दिसूनही या तपासण्या जोडलेल्या नसल्या, तर फाइल तिथेच अडते, आणि हे टाळण्याजोगे आहे. ट्रान्सथायरेटिनच्या जनुकीय तपासणीचा अहवालही सोबत ठेवावा.

याशिवाय इकोकार्डिओग्राम, ईसीजी आणि एमआरआय झाला असल्यास त्याच्या मूळ प्रतिमा, एनटी-प्रोबीएनपी व ट्रोपोनिन (हृदयावरचा ताण व इजा दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि मूत्रपिंडाच्या कार्याचे तारखांसह अहवाल, चालू औषधांची मात्रेसह यादी, पूर्वीच्या केमोथेरपीचा तपशील आणि वयाचा पुरावा लागतो. साधारणपणे प्रौढ, हृदयविकाराची लक्षणे असलेला रुग्ण विचारात घेतला जातो, पण किती गंभीर अवस्थेपर्यंत, हे प्रत्येक चाचणीच्या आराखड्यात वेगळे असते. अवयव प्रत्यारोपण, गर्भधारणा, नुकताच दुसऱ्या प्रायोगिक औषधाचा वापर किंवा हृदय निकामी होण्याचे दुसरे मोठे कारण ही नकाराची नेहमीची कारणे होत. पेसमेकर असेल तर तो एमआरआयला चालणारा आहे का, हे आधीच विचारून घ्यावे.

प्रत्यक्ष प्रक्रिया उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संदर्भपत्राने सुरू होते. केंद्रावर गेल्यावर प्रथम संमतीपत्र दिले जाते, आणि त्यावर सही होण्याआधी चाचणीसाठीची कोणतीही तपासणी करता येत नाही. ते घरी नेऊन, कुटुंबीयांसोबत वाचण्याचा वेळ मागणे योग्यच ठरते. त्यानंतरच्या स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे पात्रतेच्या तपासणीत, रक्ततपासण्या, इमेजिंग आणि अनेकदा सहा मिनिटे चालण्याची चाचणी होते : सपाट मार्गिकेत दोन खुणांमध्ये रुग्ण आपल्या गतीने फेऱ्या मारतो, दम लागला तर थांबू शकतो, पण घड्याळ थांबत नाही, आणि शेवटी एकूण अंतर मीटरमध्ये नोंदवले जाते.

पात्र ठरल्यावर औषध मिळेल की प्लासिबो (औषध नसलेला, तसाच दिसणारा पर्याय), हे संगणकीय सोडतीने ठरते. काही चाचण्यांत हे प्रमाण २:१ ठेवले गेले, म्हणजे तिघांपैकी दोघांना औषध. एएलच्या चाचण्यांत नेहमीचा उपचार दोन्ही गटांना चालू राहतो. औषध शिरेतून ठरावीक अंतराने दिले जाते, त्यामुळे केंद्रावर वारंवार यावे लागते. प्रवासखर्च कोण देणार आणि इजा झाल्यास भरपाईची तरतूद काय, हे सहीपूर्वी लेखी पाहावे.

अपेक्षा किती ठेवावी, हेही संमतीचाच भाग आहे. एएलसाठीच्या बिर्टामिमॅबची एक मोठी चाचणी २०१८ मध्ये अपेक्षित फायदा दिसण्याची शक्यता नसल्याने थांबवली गेली आणि अतिगंभीर रुग्णांवरची पुढची चाचणीही २०२५ मध्ये मुख्य उद्दिष्ट गाठू शकली नाही. उलट एटीटीआरसाठीच्या एनआय००६ या अँटिबॉडीच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४० रुग्णांच्या पहिल्या टप्प्यात जास्त मात्रा मिळालेल्यांच्या हृदयातील साठा स्कॅनवर कमी झालेला दिसला. तेवढ्याने आयुष्य वाढते असे सिद्ध होत नाही, म्हणून मोठ्या चाचण्या घ्याव्या लागतात.

सहभागी झालेला रुग्ण कोणत्याही टप्प्यावर कारण न देता बाहेर पडू शकतो आणि त्याच्या नेहमीच्या उपचारावर त्याचा परिणाम होता कामा नये. तोपर्यंत गोळा झालेली माहिती मात्र सामान्यतः नोंदीत राहते, आणि सुरक्षिततेसाठी शेवटच्या भेटीची तपासणी करून घेण्याची विनंती केली जाते.