माळढोक आणि सातबारा

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक पक्षी अंडं घालायचा ते उघड्या जमिनीवर, आणि बहुधा एकच. म्हणजे गवत फार वाढलं तरी पंचाईत आणि गुरांनी पार चरून टाकलं तरी पंचाईत. बेताची चराई, पडीक रान, मध्येमध्ये ज्वारी किंवा भुईमूग असलं, की टोळ, नाकतोडे, सरडे भरपूर मिळतात. थोडक्यात, या पक्ष्याला कोरडवाहू शेतकऱ्याचा शेजार मानवत होता.

१९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं आणि हा शेजार बिघडला. क्षेत्र होतं तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यांतली अख्खीच्या अख्खी गावं त्यात आली, आणि बहुतेक जमीन खासगी. पक्षी मात्र त्यातल्या मोजक्याच माळांवर दिसायचा. ज्याच्या शिवारात माळढोक कधी फिरकलाही नाही, त्यालाही जमिनीच्या खरेदी-विक्रीला अडथळे आणि परवानग्यांसाठी हेलपाटे. अशा माणसाला माळढोक म्हणजे सातबाऱ्यावरचा बोजाच वाटणार. याला अज्ञान म्हणणं मला पटत नाही. त्याचा हिशेब बरोबरच होता. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं, पण तोवर मनं विटली होती. उजनी धरणाच्या पाण्यावर ऊसही पसरला होता, आणि उसात माळढोक राहत नाही.

मध्य प्रदेशातल्या करेऱ्याला याहून वाईट झालं. तिथल्या अभयारण्यातही खासगी शेती होती. काळवीट वाढले, पिकं फस्त होऊ लागली, लोक विरोधात गेले आणि १९९०च्या दशकात माळढोक दिसेनासा झाला.

नान्नजच्या परिसरातही काळवीट आहेत, लांडगे आहेत. पर्यटकाला त्यांचं अप्रूप. शेतकऱ्याला त्यांच्यापायी रात्री ज्वारी राखावी लागते, मेंढपाळाला कोकरू गेलं की पंचनाम्याची वाट पाहावी लागते. अभयारण्याची किंमत विचारायची तर आधी यांना विचारायला हवी.

वन्यजीव कायद्यात २००२ साली दुरुस्ती होऊन ‘समुदाय राखीव क्षेत्र’ आलं. लोकांनी आपणहून जमीन राखायची, कारभार पाहणाऱ्या समितीत ग्रामपंचायतीचे किमान पाच प्रतिनिधी आणि वनखात्याचा एक; जमीन खासगी असेल तर जमीनमालक, वनखात्याचा आणि पंचायतीचा प्रतिनिधी. जमिनीच्या वापरावर बंधन इथेही येतं, पण वापर बदलायला आधी याच समितीचा ठराव लागतो. १९७९ साली ही तरतूदच नव्हती.