मूत्रपिंड प्रत्यारोपण आणि लसीकरण (बेळगाव सीमाभाग)

प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून रुग्णाला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायम घ्यावी लागतात. ती सुरू झाली की लस नीट लागू पडत नाही. त्यामुळे लशी टोचून घेण्याचा खरा काळ शस्त्रक्रियेआधीचा, डायलिसिसच्या फेऱ्यांचा.

टिळकवाडीतले व्हॅक्सिन डेपो मैदान बेळगावकरांना सभा आणि प्रदर्शनांमुळे ठाऊक आहे. एके काळी तिथे देवीची लस तयार होई, तीही जिवंत विषाणूची. प्रत्यारोपणात जिवंत आणि मृत लशींमधला हाच भेद कळीचा. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या या जिवंत लशी शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी घ्याव्या लागतात. नंतर त्या वर्ज्य. क्षयावरची बीसीजीही जिवंत, तीही नंतर चालत नाही. मृत जंतूंच्या किंवा त्यांच्या अंशांपासून केलेल्या लशी नंतरही चालतात, साधारण तीन ते सहा महिन्यांनी. फ्लूची लस दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याच्या तोंडावर. नागिणीवरची दोन डोसांची नवी लस जिवंत नसल्याने हीही चालते. लस घेतल्याने मूत्रपिंड नाकारले जाते, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही.

सर्वांत जास्त वेळ खाते ती कावीळ ‘ब’ची लस. डायलिसिसवरील प्रौढाला दर वेळी दुप्पट मात्रा, म्हणजे ४० मायक्रोग्रॅम, पहिल्या दिवशी आणि मग १, २ व ६ महिन्यांनी देतात. फिस्टुलाचा (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेला) हात सोडून दुसऱ्या दंडात. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडे (अँटिबॉडी) मोजतात. १० एककांखाली आली तर पुन्हा टोचणे आले. मूत्रपिंड द्यायला आई तयार असली तरी हे सहा महिने आधीच हिशेबात धरलेले बरे.

सीमाभागातली अडचण कागदांची. डायलिसिस तालुक्याला, तपासण्या बेळगावात, शस्त्रक्रिया कधी हुबळीला तर कधी कोल्हापूरला. कन्नडमध्ये लिहिलेले लशीचे कार्ड कोल्हापुरात कोण वाचणार? लशीचे नाव, मात्रा व तारीख फाईलच्या पहिल्याच पानावर इंग्रजीतही लिहून घ्यावी.

घरच्या मुलांच्या लशी थांबवायच्या नसतात. फक्त पोलिओचे थेंब टाळून टोचायची लस द्यावी; नातवाला थेंब पाजले गेलेच, तर काही आठवडे त्याची लंगोटी प्रत्यारोपण झालेल्या आजोबांनी बदलू नये.

कुत्रे चावले तर मात्र महिने मोजत बसायचे नाही. रेबीजची लस मृत विषाणूची आहे; ती त्याच दिवशी सुरू करतात. जखम झाली असेल तर, पूर्वी लस घेतलेली असली तरी, प्रत्यारोपित रुग्णाला जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे लागते.