दोन्ही पाय जमिनीला टेकले म्हणजे सायकल मापाची? नाही बाप्पा

नागपुरात उंचीने लहान मुलगी रोड बाईक (वाकड्या हँडलची, वेगाने चालवायची सायकल) घ्यायला गेली की हमखास ऐकायला मिळतं, सीटवर बसून दोन्ही पाय पूर्ण टेकले पाहिजेत, नाहीतर पडशील, आणि टेकत नसतील तर सीट खाली करून देतो ना. हे चूक आहे. व्हरायटी चौकात सिग्नल लागला की रोड बाईकवर सीटवर बसून राहायचंच नसतं, पुढे सरकून उतरायचं आणि दांडा दोन पायांच्या मध्ये ठेवून उभं राहायचं, म्हणजे उभं असताना दांड्यावर थोडी जागा उरते का एवढंच बघायचं. सीटची उंची ठरते पेडलवरून, पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा, सीट फार खाली ठेवून सेमिनरी हिल्सचा चढ चढलात तर गुडघा पुढून दुखायला लागतो.

खरी अडचण असते हात पोचण्याची! फ्रेम लांब असेल तर सीट कितीही खाली-पुढे करा, मान-खांदे धरणारच. म्हणून फ्रेमचा रीच (पेडलच्या मधल्या धुऱ्यापासून फ्रेमच्या पुढच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर) विचारा, हँडल ३६-३८ सेंमी रुंदीचं मिळतं का, क्रँक (पेडल ज्याला लावतात ती दांडी) १६५ मिमी किंवा कमी आहे का, ब्रेक लिव्हर स्क्रूने जवळ येतो का (बहुतेक येतो, पण कोणी सांगत नाही). अगदी लहान फ्रेमवर ७०० चं (रोड बाईकचं नेहमीचं) चाक असलं की हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागू शकतं, म्हणून काही कंपन्या लहान साईजला ६५०बी हे थोडं लहान चाक देतात. 'लेडीज' स्टिकर बघून तर अजिबात घेऊ नका, माप बघा.