घाटात फोटो काढायची जागा कोणी ठरवली?

आमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये खंडाळ्याचा एक फोटो आहे. जाड काळ्या पानावर, चारही टोकांना त्रिकोणी कोपरे लावून बसवलेला, वर बटर पेपर. आजी-आजोबा राजमाची पॉइंटच्या कठड्याला टेकून उभे आहेत, मागे दरी आणि दरीपलीकडे राजमाची किल्ल्याच्या श्रीवर्धन-मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांची जोडी. फोटोच्या मागे आजोबांच्या अक्षरात 'मे 1974'. गेल्या दिवाळीत मी त्याच पॉइंटवर मुलीचा फोटो काढला. घरी येऊन दोन्ही शेजारी ठेवले, तर चौकट जवळजवळ तीच निघाली. आजोबांना ती जागा कोणी दाखवली नव्हती, मलाही नाही. तरी आम्ही दोघं तिथेच थांबलो आणि पाठ दरीकडे करून उभं राहणाऱ्यांना तिथेच उभं केलं. असं का झालं, याचा माग काढायला गेलं की दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

त्याआधी घाट हे पाहण्याचं नव्हे, ओलांडण्याचं ठिकाण होतं. नाणेघाट, बोरघाट, थळघाट हे माल आणि माणसं वर चढवायचे रस्ते. पाणी कुठे मिळेल, बैलाचा पाय कुठे घसरेल, वाटेत लुटारूंची भीती किती, याची चिंता आधी. म्हणून आपल्या लोकांना निसर्ग दिसतच नव्हता आणि तो साहेबाने दाखवला, असं काही जण म्हणतात. ते मला अजिबात पटत नाही. 'मेघदूता'तला यक्ष ढगाला जी वाट सांगतो ती डोंगर, नद्या आणि पहिल्या पावसाच्या वर्णनांनी भरलेली आहे, आणि ती जिथून सुरू होते तो रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं अनेक अभ्यासक मानतात. कृष्णा जिथे उगम पावते तिथे देऊळ बांधणाऱ्याला जागा पाहता येत होती. आपल्याकडे नव्हती ती एकच गोष्ट: केवळ पाहण्यासाठी ठरवलेली, नाव दिलेली, रस्ता काढून कठडा बांधलेली जागा. म्हणजेच पॉइंट.

ती कल्पना इंग्लंडातून आली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे चित्रासारखा दिसणारा निसर्ग शोधत हिंडायची आवड वाढली. चित्रात जवळ एखादं झाड किंवा खडक हवा, मध्ये दरी किंवा नदी, लांबवर धूसर डोंगर. अशी रचना जिथून साधते ती जागा चांगली. हीच नजर घेऊन चित्रकार आणि कंपनी सरकारचे अधिकारी सह्याद्रीत आले. रॉबर्ट ग्रिंडले या लष्करी अधिकाऱ्याने 1826 ते 1830 या काळात पश्चिम हिंदुस्थानातली चित्रं छापली, त्यांत बोरघाटही आहे. आज मोबाइलवर आपण घाटाचा फोटो घेतो तेव्हा नकळत तीच तीन पदरी रचना जुळवत असतो.

या नजरेला पक्की जागा मिळाली ती महाबळेश्वरला. जनरल लॉडविक 1824 मध्ये तिथे चढून गेला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने 1829 मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून वाईजवळच्या खंडाळा गावाच्या बदल्यात ही जागा घेतली, आणि माल्कमपेठ वसली. मग टोकाटोकाला नावं पडत गेली: लॉडविक, एल्फिन्स्टन, बॉम्बे, केट्स, आर्थर्स सीट. यातली केट ही माल्कमची मुलगी. पण या जागा काही बेनाव नव्हत्या. आर्थर्स सीटला आधी मढीमहाल म्हणत, केट्स पॉइंटला नाके खिंड, विल्सन पॉइंटच्या टेकडीला सिंदोळा. खंडाळ्याच्या ड्यूक्स नोजचं नागफणी हे नाव तेवढं टिकलं, कारण त्या सुळक्याकडे पाहिलं की दुसरं काही सुचतच नाही. माथेरान 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याच्या नजरेत भरलं आणि तिथेही तोच प्रकार झाला. 'आज किती पॉइंट झाले?' असं आपण सहज विचारतो, तो हिशेब इथून सुरू झाला.

चित्रकाराच्या मागोमाग कॅमेरा आला, आणि तो फार लवकर आला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना 1854 सालची. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या पहिल्या कर्त्या मंडळींत होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्या सुमारास फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला, त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत नावाजलेले छायाचित्रकार झाले.

पण डोंगरात जाऊन फोटो काढणं म्हणजे काय होतं, हे समजून घ्यायला हवं. तेव्हाच्या ओल्या पद्धतीत काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत धुऊन काढायची. हातात जेमतेम दहा मिनिटं. म्हणजे अंधाऱ्या खोलीचं काम करणारा तंबू, काचा, बाटल्या आणि पाणी, सगळं त्या टोकापर्यंत वाहून न्यायचं. उन्हाळ्यात तर काच हातातच सुकायची. जिथवर बैलगाडी किंवा हमाल पोचतो, तिथूनच फोटो निघणार. चांगला देखावा आणि पोचता येणारा रस्ता यांची जी गाठ तेव्हा पडली, ती आजही सुटलेली नाही.

बोरघाटातली रेल्वे याच काळातली, आणि या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटते ती ॲलिस ट्रेडवेल. घाटाच्या चढाचं काम 1856 मध्ये सुरू झालं. पहिल्या कंत्राटदाराच्या काळात, 1859 च्या जानेवारीत, थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा दंगा झाला आणि त्याने काम सोडलं. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरल्यावर काही आठवड्यांतच आजारपणात गेला. त्याची बायको ॲलिस परत गेली नाही. तिने कंत्राट स्वतःकडे घेतलं, कामावर जाणकार माणसं नेमली आणि ते तडीस नेलं. शिवाय चालू कामाचे फोटोही काढले, बोगदे, पूल, कापलेले कडे. तिचे अल्बम आजही जपलेले आहेत. सुमारे 25 किलोमीटरचा मार्ग, 1,831 फूट चढ, 25 बोगदे. 1861 मध्ये एका वेळी 42,000 माणसं इथे राबत होती. पटकीने आणि अपघातांनी त्यांतली कितीतरी गेली. आपण गाडीच्या खिडकीतून ज्या दरीला 'काय व्ह्यू आहे!' म्हणतो, ती दिसावी म्हणून कडा फोडणारे हात त्यांचे होते.

21 एप्रिल 1863 रोजी घाटमार्ग खुला झाला. आता देखावा पाहायला डोंगर चढावा लागेना, तो खिडकीत चालून येऊ लागला. बोगद्याचा अंधार, एकदम उजेड, दरी, पुन्हा अंधार. खंडाळ्याच्या अलीकडे एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. वळायला जागा नसल्याने गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. म्हणजे घाटाच्या मधोमध सक्तीचा थांबा. मार्ग बदलल्यावर 1929 मध्ये ते स्टेशन गेलं. कर्जतला बँकर, म्हणजे चढावर गाडीला मागून रेटणारं जादा इंजिन, लावायला गाडी थांबते तो थांबा मात्र राहिला, आणि वडा खाऊन, हात पुसून, घाट सुरू व्हायच्या आत खिडकी पकडायची रीतही. 1907 मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून नेरळ-माथेरान छोटी गाडी धावली.

कॅमेरा सामान्य घरात यायला मात्र बराच वेळ लागला. कोडॅकचा रोलचा कॅमेरा 1888 चा, पण आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्या हातात आला तो बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक थ्री. आजोबांचा फोटो त्याचाच. एका रोलमध्ये 12 फोटो, पूर्ण सहलीला एक रोल. त्यातला एकही नुसत्या डोंगरावर खर्च होत नसे. डोंगर हवा, पण त्याच्यापुढे घरचं माणूस हवं. आमच्या अल्बममध्ये माणसाशिवाय एकही देखावा नाही, याचं कारण हौस नसणं नव्हे, रोलची किंमत. ज्यांच्याकडे कॅमेरा नसे त्यांच्यासाठी पॉइंटवरचा फोटोग्राफर असे. मावळता सूर्य तळहातावर धरल्यासारखा फोटो त्याच्याकडूनच मिळायचा, आणि कुठे उभं राहायचं ते तोच बोटाने दाखवायचा.

मोबाइलने रोलची मर्यादा काढून टाकली आणि सेल्फीने माणसाला कठड्यापलीकडे नेलं. 2016 मध्ये वांद्र्याच्या समुद्रकिनारी झालेल्या दुर्घटनेनंतर मुंबई पोलिसांनी अनेक जागा सेल्फीसाठी धोक्याच्या ठरवल्या. तरी दर पावसाळ्यात धबधब्यांवरून बातम्या येतात आणि त्या वाचताना पोटात खड्डा पडतो. कठडा दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसांनीही विचार करून घातला होता.

2021 पासून मुंबई-पुणे गाड्यांना काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा लागतो. त्याच घाटातून, पण आता वरचा कडाही दिसतो. मुलीने त्यातून बोगद्याच्या तोंडाचेच तीसेक फोटो काढले.

राजमाचीचा तिचा फोटो मी छापून घेतला आणि आजोबांच्या फोटोसमोरच्या रिकाम्या पानावर लावला. मागे तारीख तिने स्वतःच्या अक्षरात घातली. 'पॉइंटचं नाव लिहू?' असं तिने विचारलं. लिही म्हटलं, आणि त्याखाली श्रीवर्धन, मनरंजन हेही लिही.